पंधराशे मीटरचा अंदाज

माझी नोकरीच संशय घेण्याची होती. कुवेतच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्याने ‘झालं’ म्हटलं की आपण ‘कुठे झालं, दाखव’ म्हणायचं. वेल्डर म्हणणार जोड पक्का आहे, कंत्राटदार म्हणणार पाइपची जाडी बरोबर आहे, आणि मी गेज लावून बघितल्याशिवाय सही करणार नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा थोडाच वागतो? बायको म्हणायची, "देवळात गेलात तरी घंटा खरी पितळेची आहे का ते आधी बघाल तुम्ही." मी म्हणायचो, बघितलं तर काय बिघडलं?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सलवा भागात राहायचो आणि मुलगी तिथल्याच भारतीय शाळेत अकरावीला होती. दर हिवाळ्यात कुवेतमधल्या भारतीय शाळांच्या मैदानी स्पर्धा एका मोठ्या स्टेडियमवर व्हायच्या. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळींच्या झेरॉक्स पत्रिकेत मी दोन पानं लिहायचो: कुठल्या शर्यतीत कोण पुढे, कोणावर लक्ष ठेवायचं, कोण जिंकणार. शाळांचे क्रीडाशिक्षक आपापल्या मुलांच्या वेळा मला फॅक्सने पाठवायचे. खरं सांगतो, त्या दोन पानांचा मला भारी अभिमान होता. लोक समोसा खाताखाता ती वाचायचे आणि अमुकच्या मुलाला तुम्ही चौथा का टाकलात म्हणून माझ्याशी भांडायचे. मला ते भांडण आवडायचं.

त्या वर्षी माझी मुलगीच पंधराशे मीटरला होती. प्रत्येक शर्यतीतले पहिले दोन भारतात राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते आणि तिला जायचंच होतं. त्यासाठी ती सप्टेंबरच्या उकाड्यात पहाटे उठून पळत होती. बोर्डाचं वर्ष पुढे होतं, म्हणजे हीच तिची खरी संधी, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. गेल्या वर्षी स्टेडियमवर तिने पाच मिनिटं अडतीस सेकंद लावले होते. या वर्षी शाळेच्या मैदानावर घड्याळ मी स्वतः धरलं, तेव्हा आले पाच पंचवीस. तेरा सेकंद कमी! मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. रात्री भिजवलेले बदाम, माझी शिस्त, तिचा घाम, सगळं फळाला आलं असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो.

मग कुवेतमधल्याच रिग्गई भागातल्या शाळेचा फॅक्स आला. तिथली एक मुलगी, गेल्या वर्षीची पाच सेहेचाळीस, या वर्षी पाच सत्तावीस.

मी तो कागद दिव्याखाली धरला. एकोणीस सेकंद? एका वर्षात? काहीतरी पाणी मुरतंय, मी बायकोला म्हणालो. ती पोळ्या लाटत होती. "आपल्या पोरीने तेरा कमी केले ते मेहनतीने," ती म्हणाली, "आणि त्या पोरीने एकोणीस कमी केले ते लबाडीने. छान!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं तिला म्हणायचं होतं. मी लक्ष दिलं नाही.

पत्रिकेत मी मुलीला पहिलं टाकलं. रिग्गईच्या मुलीला दुसरं टाकलं आणि पुढे एक वाक्य जोडलं: ‘शाळेने कळवलेली वेळ आणि मैदानाची लांबी या दोन्हींवर विश्वास ठेवला, तर.’ तिसऱ्या नंबरवर होती पाच एक्केचाळीसवाली. मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स मीन." मी म्हणालो, खवचटपणा नाही, सावधपणा आहे.

पत्रिका गुरुवारी वाटली गेली. त्याच संध्याकाळी एकाने मला विचारलं, "लिहिलंत खरं, पण पुरावा?" झालं! मला कोणी पुरावा विचारावा? कारखान्याच्या स्टोअरमधून सही करून आणलेलं मोजणीचं चाक गाडीच्या डिकीत पडलेलं होतंच. लांब दांड्याचं चाक, चालत ढकलायचं, किती मीटर झाले ते काटा दाखवतो. शुक्रवारी सकाळी मी ते घेऊन रिग्गईला गेलो.

शाळेच्या फाटकाशी मिसरी, म्हणजे इजिप्तचा, चौकीदार बसला होता. त्याने बताका मागितला, मी ओळखपत्र दाखवलं आणि ‘मुहंदिस’ म्हणालो. इंजिनिअर म्हटलं की कुवेतमध्ये बरीच फाटकं उघडतात. मैदानात एक माणूस उकिडवा बसून चुन्याची रेघ मारत होता. मला बघून उठला, हात पँटला पुसले, आणि माझ्या हातातलं चाक बघून त्याला सगळं कळलं. तो त्या मुलीचा बाप होता.

रत्नागिरीकडचा माणूस. खाण्यापिण्याचा माल पोचवणारी व्हॅन चालवायचा. घरी कोकणी बोलत असणार, माझ्याशी मात्र मुद्दाम शाळेतलं मराठी बोलत होता. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द बोलता आले असते.

"वाचलं मी, साहेब," तो म्हणाला. "मोजा ना. पण उजव्या बाजूला खड्डा आहे, तिथे चाक उडेल. थांबा, मी फळी टाकतो."

त्याने खरंच फळी आणून टाकली. मी आतल्या रेघेपासून वीतभर बाहेरून चाक ढकलत निघालो आणि तो माझ्याबरोबर चालत राहिला. एक चक्कर दोनशे मीटरची हवी. आले दोनशे एक. मी पुन्हा मोजलं. पुन्हा दोनशे एक.

"मी दोरीने मोजला होता," तो म्हणाला. "एक मीटर जास्तच ठेवला. कमी पडला तर लोक बोलतात."

मी चाकाचा काटा शून्यावर आणत उभा राहिलो. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमच्या सलवाच्या शाळेत माझी गाडी येते कँटीनला. बससाठी नवी शेड झाली ना उन्हाळ्यात, तेव्हापासून तिकडचं वळण मला आत आल्यासारखं वाटतं. एकदा बघून घ्या."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, टोमणा मारलाच शेवटी! स्वतःचं मैदान बरोबर भरलं म्हणून आता आमच्यात खोट काढतोय. "आमच्या शाळेचं आम्ही बघू," असं म्हणून मी निघालो. चहासुद्धा घेतला नाही. त्याने थर्मास उघडला होता.

पण संशयाचं कसं आहे, एकदा आत शिरला की तो मालकाचंही ऐकत नाही. शनिवारी कामावरून परस्पर मी आमच्या शाळेत गेलो. शेडचे खांब मैदानाच्या एका टोकाला उभे होते. त्यांना चुकवून क्रीडाशिक्षकांनी त्या बाजूचं अख्खं वळण आत सरकवलेलं होतं. मी चाक ढकललं. एकशे ब्याण्णव. परत ढकललं. एकशे ब्याण्णव. उलट्या दिशेनेही ढकललं, जणू तिकडून जास्त भरणार होतं.

चकरेला आठ मीटर कमी. पंधराशेला साडेसात चकरा, म्हणजे साठ मीटर कमी. मी गाडीत बसून, स्टिअरिंगवर कागद ठेवून हिशोब केला. तिच्या पाच पंचवीसला ते साठ मीटर जोडले तर किती होतात? पाच अडतीस.

गेल्या वर्षीचाच आकडा. पहाटे उठणं, बदाम, माझी शिस्त, सगळं धरून पोरीने वर्षभरात एक सेकंदही कमी केला नव्हता. ते तेरा सेकंद शेडचे होते.

मला रडू आलं, हे लिहायला लाज कसली? तिच्यासाठी आलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला तो मात्र माझ्यासाठी होता: पत्रिका वाटून झाली आहे. सगळ्यांनी वाचली आहे. मैदानाच्या लांबीवर विश्वास ठेवला तर! आता मीच सांगू का, की लांबी आमचीच कमी होती? माझं नाक कापलं गेलं असतं. मी स्वतःला समजावलं की शर्यत पाच दिवसांवर आहे, पोरीचा धीर खचेल, नंतर सांगू. चांगलं कारण होतं ते. कारखान्यात कोणी मला असं कारण दिलं असतं तर मी त्याचा कागद परत केला असता.

एक गोष्ट मात्र मला स्वच्छ माहीत होती. पाच अडतीस आले तरी ती दुसरी येणार होती. रिग्गईची मुलगी पुढे गेली तरी जागा दोन होत्या. फक्त तिने स्वतःच्या खऱ्या वेगाने पळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी, स्टेडियमच्या बाहेर, तिने माझ्यापुढे डावा हात धरला. ही आमची पद्धत होती. शर्यतीच्या आधी मी बॉलपेनने तिच्या तळहातावर आकडे लिहायचो, कुठल्या टप्प्याला घड्याळ किती हवं ते. पळताना मी कठड्यापाशी उभा राहून वेळ ओरडायचो आणि ती हात बघून वेग राखायची. पंधराशेला चार आकडे: पहिला तीनशे मीटरला, पुढचे दर चारशेला. पाच पंचवीससाठी पहिला आकडा एक-पाच, म्हणजे एक मिनिट पाच सेकंद. पाच अडतीससाठी एक-आठ.

पेन हातात धरून मी थांबलो. एक-आठ लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा, का? तिचा हात गार होता. "लिहा ना," ती म्हणाली. मी लिहिलं. एक-पाच, दोन-बत्तीस, तीन-अठ्ठावन्न, पाच-पंचवीस.

पिस्तूल वाजलं. पहिल्या टप्प्याला मी ओरडलो, "एक पाच!" तिने मान हलवली. दुसऱ्याला दोन-बत्तीस, बरोब्बर. ती सगळ्यांच्या पुढे होती आणि आमच्या शाळेची पोरं नाचत होती. शेजारी बायको माझा दंड धरून उड्या मारत होती. मला तिचा हात झटकावासा वाटला. शेवटची चक्कर सुरू झाली तेव्हा तीन-एकोणसाठ झाले होते, पण मुलीचे खांदे वर चढले होते आणि मान मागे गेली होती. रिग्गईची मुलगी तिला अगदी सहज ओलांडून गेली. दोनशे मीटर उरले असताना तिचे पाय जड झाले. शेवटच्या सरळ पट्ट्यात आणखी दोघी पुढे गेल्या. मी घड्याळ दाबलंच नाही. फलकावर आलं: दुसरी पाच चाळीस, तिसरी पाच एक्केचाळीस, ही चौथी, पाच चव्वेचाळीस.

ती गवतावर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा रिग्गईचे ते गृहस्थ आधीच तिथे होते. आपल्या जिंकलेल्या पोरीला सोडून ते माझ्या पोरीला पाणी देत होते. "बेटा, तू फार जोरात निघालीस," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "साहेब, सलवाचा ट्रॅक मोजलात का मग? मला तीच शंका होती."

मी म्हणालो, "नंतर बोलू, भाई."

मुलीने डोकं वर केलं. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गाडीत ती मागे बसली. पाचव्या रिंग रोडला लागल्यावर तिने विचारलं.

"बाबा, डिड यू मेजर इट?"

"हो."

"व्हेन?"

मी आरशात बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तळहाताकडे बघत होती. घामाने शाई पसरली होती, पण आकडे वाचता येत होते.

"शनिवारी," मी म्हणालो.

"शनिवारी," ती म्हणाली. "आणि हे आज सकाळी लिहिलंत." एवढं मात्र ती मराठीत बोलली.

बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. घरी पोचल्यावर मुलगी बेसिनपाशी बराच वेळ हात धूत होती.

पुढच्या अंकात मी सगळं छापलं: आमच्या मैदानाची लांबी, रिग्गईची लांबी, माझी चूक आणि माफी. लोकांनी मोठ्या मनाचा माणूस म्हणून माझी पाठ थोपटली. रिग्गईला जाऊन मी त्या थर्मासमधला चहाही प्यायलो. मुलीने तो अंक वाचून घडी करून टेबलावर ठेवला. ती माझ्यावर चिडली नाही, अबोलाही धरला नाही. चिडली असती तर मी समजूत घातली असती.

बारावीच्या वर्षी ती बोर्डाचा अभ्यास सांभाळून शेवटचं एकदा पळाली. शाळेने ट्रॅक नव्याने आखला होता आणि मी स्वतः जाऊन तो दोनदा मोजला होता. सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "दोनशे आहे, पक्का. मी मोजलाय."

"ओके, बाबा," ती म्हणाली, आणि डिकीतून चाक काढून घेऊन गेली.

तासाभराने परत आली. चाक जागेवर ठेवलं आणि बॉलपेन घेऊन आपल्या तळहातावर आपणच आकडे लिहीत बसली.