हापशाचा पहिला मान

नर्मदाबाई माझी शेजारीण. जीभ लय तिखट, पण कुणी मान दिला की बाई विरघळलीच! पोळ्याला आपला बैल वेशीतून पहिला निघावा म्हणून तिनं नवऱ्याचा जीव खाल्ला होता.

शहाऐंशीच्या दुष्काळात चुडाव्याजवळच्या आमच्या गावाला एकच हापसा मंजूर झाला. जागा तीन. मारुतीचा पार, नाल्यापल्याडची शाळा, न् आमची वरली आळी. नर्मदाबाईची सून अंबिका पोटुशी होती. आदल्या खेपेला नदीच्या दरडीवरून घागरीसकट घसरली न् पोटातलं लेकरू गेलं. आता सून पाण्याला गेली की नर्मदाबाई दारातच उभी.

पंचायतीत सात मेंबर. सरपंच किशनराव धरून तिघं पाराचे, दोघं शाळेकडचे, न् आळीच्या आमी दोघी बाया, मी न् नर्मदाबाई. कुणाचंच जमंना. किशनराव गोड हसले.

"दोन-दोन जागा भिडवू. हरंल ती बाद. नर्मदाबाई, बाईमाणसाचा मान पहिला! आदी तुमची आळी न् शाळा."

बाईचा चेहरा असा फुलला, जणू तिचाच बैल वेशीत!

हात वर झाले. पाराचे तिघंबी शाळेकडं! आळी बाद. मंग शाळा न् पार. शाळा तर नदीपेक्षा लांब. पारावरून गडी दोन कळश्या तरी आणतील म्हणून आमी चरफडत पाराला हात दिला. पार जिंकला. पण तिथं दिवसभर म्हातारे गडी बसलेले, सुनांनी तिथं जायची रीत न्हवती. म्हणजे अंबिकाला नदीच.

बाहेर शाळेकडचे मुंजाजी हळूच म्हणाले, "वहिनी, आदी शाळा न् पार भिडवायचे होते. आमी पडलोच असतो. मंग पार न् आळी भिडली की आमचे दोन हात तुमालाच होते, चारास तीन. पारावर आमच्या तरी सुना कशा जातील?"

"अगं बाई!" नर्मदाबाई चावडीच्या पायरीवर बसली. "मेल्यानं केसानं गळा कापला."

घरी आलो तर अंबिका घागर कमरेवर घेऊन दारात.

"आत्या, काय झालं?"

नर्मदाबाईनं घागर हिसकावून घेतली.

"पहिला मान दिला आपल्याला," म्हणाली, न् स्वतःच नदीकडं निघाली.