गोखिवऱ्यामागचं रान मोजताना

जंगल मोजायला जातेय असं घरी सांगितलं, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आधी गुडघे मोजून घे." पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण नालासोपाऱ्याजवळ गासला आमच्या गच्चीतून रोज दिसणाऱ्या पूर्वेच्या डोंगरावर मी एकदाही चढले नव्हते. याची मला लाज वाटायची. त्या डोंगराच्या एका पट्ट्याला निसर्ग राखीव करायचा प्रस्ताव आहे आणि त्याचं संवर्धनमूल्य ठरवायला स्वयंसेवक हवेत, असा निरोप मोबाइलवर आला. मी लगेच नाव दिलं. मूल्य चांगलं आलं तर प्रस्ताव पुढे जाणार होता. कमी आलं तर खालची दगडखाण वर सरकणार, हे सगळे जाणून होते.

फेब्रुवारीतला शनिवार. जायचं असेल तर नालासोपाऱ्याहून वसईला या आणि पूर्वेला उतरून गोखिवऱ्याची शेअर रिक्षा धरा. माणशी वीस-तीस रुपयांत काम होतं. गाळ्यांच्या गल्ल्या, पत्र्यांचा खणखणाट, पुठ्ठ्याचे ढीग हे सगळं मागे पडलं की हायवे लागतो. तो ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. नाक्यावर वडापाव खाऊन घ्या, कारण पुढे चहासुद्धा मिळत नाही. पाणी तीन लिटर न्या, आणि बाह्या पूर्ण असू द्या. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गेले होते, त्याचं फळ आठवडाभर भोगलं.

आमची प्रमुख अनघा. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, कामात अतिशय काटेकोर. ती मला "बाई" म्हणायची आणि माझ्या चुका मात्र न बिचकता दाखवायची. पद्धत सोपी होती: दोरीने वीस मीटरचा चौकोन आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, नाव लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात खूण करायची. झाड अखंड की तोडलेलं.

वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यावरच्या चंद्रीबाय होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, कमरेला कोयता. त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांनाच तू.

वर सावली दाट होती. सावरी लालभडक फुललेली, खाली पाचोळा इतका की पाऊल टाकलं की सगळं रान जागं व्हायचं. मला फार आनंद झाला, हे कबूल करते. मग ऐनाची झाडं लागली आणि माझा चेहरा उतरला. जवळजवळ प्रत्येक ऐनाच्या फांद्या कापलेल्या. नुसता खांब आणि वर चार पानं. मी दात-ओठ खात रकान्यात "तोडलेलं, तोडलेलं" लिहीत गेले. चंद्रीबाय शेजारी उभ्या होत्या, त्यांना मी काही विचारलंही नाही. शाळेतल्या बाईंची सवय, फळ्याकडे बघून बोलायची.

संध्याकाळी खाली उतरून अनघाने बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, हा पट्टा राखीवच्या निकषात बसत नाही. मानवी हस्तक्षेप फारच आहे. असंच पाठवलं तर 'ऱ्हास झालेलं जंगल' म्हणून शेरा येईल."

त्या रात्री घरी मी धड जेवले नाही. खाणीला वाट माझ्याच अक्षरातून मिळणार होती.

रविवारी सकाळी पुन्हा वर गेलो. या वेळी मी वही उघडण्याआधी विचारलं, "चंद्रीबाय, ही झाडं कोण तोडतं?"

"तोडतं कोन? आमी खांडतो. राबाला." माझं तोंड बघून त्यांनी समजावलं. "फांद्या सुकवायच्या, भाताच्या रोपाच्या जागेवर पसरायच्या नि पाऊस येयाच्या आदी जालायच्या. मंग रोप चांगला येतो. झाड मरत नाय. शेंडा ठेवायचा. एक साल खांडला का दोन साल त्याला हात नाय लावायचा."

"आणि हे?" मी एका जाड ऐनाकडे बोट दाखवलं. त्याच्या एकाही फांदीला कोयता लागलेला नव्हता.

"त्याला ढोल हाय ना. ढोलवाला झाड खांडत नाय. माज्या सासूनं मला सांगलं, मी सूनंला सांगलं."

ढोल म्हणजे ढोली, खोडातली पोकळी. अनघाने दुर्बीण लावली आणि लगेच माझ्या हातात दिली. पोकळीतून एक पिंगळा आमच्याकडे बघत होता, शाळेतल्या तापट मुख्याध्यापकांसारखा. दुपारपर्यंत आम्हाला अशी सात झाडं सापडली. त्यांतल्या तीन ढोलींत पिंगळे होते, एकीत पोपट. आणि बहुतेक ढोली जुन्या कापांच्या जागीच झालेल्या होत्या. पूर्वी कुणीतरी खांडलेली फांदी, तिथे हळूहळू कुजलेला गाभा, आणि आता त्यात पाखरांचा संसार. म्हणजे मी ज्याला नासधूस म्हणून लिहिलं होतं, त्यातूनच या रानाचं मोल वाढलं होतं.

मला माझीच चीड आली. आदल्या दिवशीचा तक्ता खोडून मी नवा लिहायला बसले. कोण खांडतं, कसं खांडतं, शेंडा, दोन वर्षांची विश्रांती, ढोल. शेवटी माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. मी "चंद्रीबाय" एवढंच लिहिलं आणि त्यांनी माझा हात धरला.

"माजा नाव नको लिवू. कागदावर नाव आला का गार्ड दारात येल. तुजं काय, तू घरी जाशील."

"तुमचं काही जाणार नाही," मी म्हटलं. "उलट तुमच्यामुळे जंगल वाचेल." हे मी अगदी मनापासून बोलले.

त्यांनी हात सोडला, पण वहीवरची नजर काढली नाही. मी ते नाव काळं केलं आणि माझं स्वतःचं लिहिलं. उतरताना मी सुकेळ्यांचं पुडकं काढलं, तिघींनी दगडावर बसून ती वाळवलेली चिकट केळी खाल्ली. चंद्रीबायंनी दोन सुकेळी नातवासाठी पदरात बांधून घेतली.

हे सगळं तीन आठवड्यांपूर्वीचं. खाज गेली, गुडघे अजून कुरकुरतात.

परवा अनघाचा फोन आला. पट्टा बसला. नुसता बसला नाही, ढोलींमुळे त्याला सगळ्यात वरचं मूल्य मिळालं. मी आनंदाने ओरडलेच. मग तिने हळू आवाजात प्रस्तावाच्या मसुद्यातलं एक कलम वाचून दाखवलं: घरटी असलेल्या भागात फांदीतोड आणि प्रवेश पूर्णपणे बंद.

"पण माझं टिपण?" मी विचारलं.

"परिशिष्टात आहे, बाई. मी भांडले. मसुदाच आहे अजून, हरकत घेता येईल."

हरकतीचं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं, चार पानं. मग चंद्रीबायंना फोन लावला. त्यांच्या मुलाने उचलला आणि त्यांच्याकडे दिला. मी कलम जसंच्या तसं सांगितलं.

"मला एकलीला नको सांगू," त्या म्हणाल्या. "ऐतवारी ये. पाड्यावर सगल्यांना तूच सांग."

उद्या रविवार आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, या वेळी पूर्ण बाह्यांचा कुर्ता काढला आहे. पत्राच्या प्रती घेतल्या आहेत, त्यावर पाड्याचे अंगठे नि सह्या घ्यायच्या आहेत, जर त्यांनी दिल्या तर. पण त्याआधी मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की तुमचं रान वाचलं, आणि आता तुम्ही त्यात जायचं नाही. इतकी वर्षं वर्गात बोलले, पण या दोन गोष्टी एका दमात कशा सांगायच्या, ते मला येत नाही.