खुर्चीवरून म्हणणाऱ्या काकू

बी.कॉम. झाल्यावर मी डिजिटल मार्केटिंगच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला, आणि हा नक्की कसला अभ्यास आहे हे घरी सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आला. बाबा न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात नोकरीला. जे जहाजातून उतरतं, ट्रकमध्ये चढतं आणि ज्याच्या पावतीवर शिक्का पडतो, त्याला ते काम म्हणतात. "म्हणजे दिवसभर मोबाइलच बघायचा ना? तो तर तू तसाही बघतेसच," ते म्हणाले. आत्याने फोनवर काळजीने विचारलं, "यातून पुढे बँकेत लागतं का गं?" मी फणकारले, पण मनातून मलाही नक्की माहीत नव्हतं.

क्लास जुन्या पनवेलमध्ये, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. चार वाजले की खालून जिलेबीचा वास यायचा आणि आमचं लक्ष उडायचं. मॅडम मात्र तरबेज होत्या. त्यांचं एक पालुपद होतं: "लोक तुमच्यासाठी थांबलेले नाहीत. त्यांचा अंगठा वर सरकतोय. तो थांबवायचा. आणि कोणाचा थांबवायचाय, ते आधी ठरवायचं." शेवटच्या प्रोजेक्टला खरा व्यवसाय घ्यायचा होता. कोणी जिम घेतली, कोणी कॅफे, एकाने कळंबोलीच्या बाजारातल्या काकाचं लोखंडाचं दुकान. मी आईचा मंगळागौरीचा ग्रुप घेतला.

नव्या लग्न झालेल्या मुलीची श्रावणात मंगळागौर पुजतात आणि मग बायकांनी झिम्मा, फुगड्या, पिंगा खेळायचा असतो. आता पुष्कळ घरांत हे खेळ कोणाला येतच नाहीत, म्हणून लोक आईच्या ग्रुपसारखे ग्रुप बोलावतात. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या, पन्नाशी ओलांडलेल्या या बायका. गुडघे कुरकुरतात, पण नऊवारी नेसली की त्यांच्या अंगात काय संचारतं देव जाणे. मागच्या श्रावणात मात्र बोलावणी रोडावली होती. दुसऱ्या ग्रुपांच्या रील होत्या, यांच्याकडे काहीच नव्हतं. "तू शिकतेस ना ते, मग कर की काहीतरी," आई म्हणाली. आई माझ्या शिक्षणाबद्दल असं पहिल्यांदाच बोलली होती, त्यामुळे मी जरा हरखले.

ग्रुपमध्ये गाणी सांगायच्या त्या बी विंगमधल्या काकू. आवाज भसाडा म्हणावा असा, पण एकदा सुरू झाला की हॉलच्या दारात चहा पीत उभे असलेले पुरुषही आत डोकावायचे. पूर्वी त्या रिंगणाच्या मधोमध असायच्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे मिस्टर गेले. त्यानंतर तालमीला त्या भिंतीलगत प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायला लागल्या. "मी इथूनच म्हणते. तुम्ही खेळा," एवढंच म्हणाल्या. त्यांना बाजूला बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि मध्ये या असंही कोणी म्हणालं नाही. त्या वर्षी खारघरच्या एका यजमानीणबाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "सगळ्या सवाष्णीच आहेत ना हो?" आई हो म्हणाली होती. तेव्हापासून काकू कार्यक्रमाला येत नव्हत्या, फक्त तालमीला यायच्या.

शूटिंगच्या दिवशी मी सोसायटीच्या हॉलमध्ये मोबाइल उभा धरला आणि पहिलीच अडचण आली. रिंगण गोल, बायका दहा, आणि उभ्या चौकटीत धड चारही मावेनात. मागे सरकले तर सगळ्या मुंगीएवढ्या दिसायच्या. मग मी पाय, हात, बांगड्या, चेहरे असे तुकडे घेतले. शेवटी मोबाइल काकूंकडे वळवला. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"मला नको घेऊस गं पोरी."

"का? गाणं तर तुमचंच आहे."

"गाणं राहू दे. मला काप. माझ्यामुळे यांची बोलावणी जायला नकोत. एवढा श्रावण तालमीला येते, मग माझ्या जागी दुसरी कोणीतरी बघा."

मी आईकडे पाहिलं. आई निऱ्या नीट करत होती, नीटच असलेल्या. माझं डोकं तडकलं. घरी आल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. "तुम्ही सगळ्या पुढारलेल्या म्हणवता ना? साधं, वहिनी तुम्हीपण या, एवढं निघत नाही तोंडातून?" आई म्हणाली, "मी मानत नाही. पण बोलावणारे मानतात. आणि कोणाच्या घरी गेल्यावर वहिनींच्या मागून कोणी काही बोललं, तर ते मला ऐकवणार नाही." मी जेवण टाकून उठले.

क्लासमध्ये मॅडमना विचारलं. त्या सरळच म्हणाल्या, "क्लायंट नको म्हणाला तर नको. तू समाज बदलायला बसलेली नाहीस, रील करायला बसली आहेस." त्यांचंही चूक नव्हतं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. काकूंनी स्वतःच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा दाखवणं बरं नव्हतं. मी त्यांना कापलं. पण रीलला चालू गाणी लावतात तसं काही लावलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काकूंचा भसाडा आवाज तेवढा ठेवला. चित्रात तो आवाज कोणाचा, ते कुठेच दिसत नव्हतं.

रील काही गाजली नाही. जिमवाल्या मुलाची रील लोकांनी डोक्यावर घेतली, माझी आईच्या बहिणींनी आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी पाहिली. मॅडमनी शेरा दिला की ट्रेंडिंग ऑडिओ असता तर जास्त लोकांपर्यंत पोचली असती. मार्क बरे पडले. मी मोबाइल उलटा ठेवला आणि तो विषय संपवला.

श्रावण तोंडावर आला होता. काकू दुपारी आमच्याकडे आल्या होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आई आणि त्या बिरड्यासाठी सोलत बसल्या होत्या. आईचा फोन वाजला. हात ओले, म्हणून तिने तो मला स्पीकरवर टाकायला सांगितलं. कळंबोलीहून एक बाई बोलत होत्या. मुलीची पहिली मंगळागौर, माहेरीच करायची आहे, रील बघितली, तारीख मोकळी आहे का. आईने हो म्हटलं.

"एक विचारू का? त्यात गाणाऱ्या बाई कोण आहेत? त्या दिसल्या नाहीत कुठे. त्या येतात ना?"

आईचा हात परातीत थांबला. काकूंनी मान हलवून नको म्हणून खुणावलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की ती आता काहीतरी गोलमोल सांगणार.

"त्या आमच्या वहिनी," आई म्हणाली. "त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. त्या कार्यक्रमाला येत नाहीत. खरं तर आम्ही त्यांना आणत नाही."

फोन कट झाला की काय, म्हणून मी वाकून पाहिलं.

"माझेही गेले," त्या बाई म्हणाल्या. "मुलीच्या लग्नाआधी चार महिने. तिची मंगळागौर करायला तर मीच निघालेय, पण त्या दिवशी मी उभं कुठे राहायचं, तेच मला कळत नाहीये. नणंद म्हणते, तू जेवणाचं बघ. त्यांना घेऊन या हो. त्या असल्या तर बरं वाटेल मला."

काकू वाल सोलतच राहिल्या. एक दाणा हातून निसटून फरशीवर गेला, तो त्यांनी उचलला, पदराला पुसला आणि परातीत टाकला. "किती वाजता पोचायचं ते विचार गं," त्या आईला म्हणाल्या.

कळंबोलीचा हॉल बायकांनी भरलेला होता. काकूंसाठी आमच्या बायकांनी सवयीने भिंतीलगत खुर्ची ठेवली होती आणि त्याही सवयीने तिच्यावर बसल्या. गाणं सुरू झालं, रिंगण धरलं. मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात वाट्यांचा ट्रे घेऊन उभी होती. चांगली रेशमी साडी नेसलेली आणि तरीही हॉलपासून एक पाऊल मागेच. काकूंनी तिला पाहिलं. पुढचं कडवं त्यांनी अर्ध्यात सोडलं, बायका गोंधळल्या. काकू उठल्या, पदर कमरेला खोचला, दारापर्यंत गेल्या आणि ट्रे काढून शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नणंदेच्या हातात दिला.

"धरा हात," त्या म्हणाल्या. "मला या वयात एकटीला फुगडी जमत नाही."

आधी त्या बाई नुसत्या ओढल्यासारख्या फिरल्या. मग पाय जुळले, वेग आला, आणि नवी नवरी तोंडावर हात घेऊन रडायला लागली. आईही रडत होती, पण टाळ्या काही तिने थांबवल्या नाहीत. माझा मोबाइल उभाच धरलेला होता. रिंगण त्यात कधी मावलं नव्हतं, पण दोघींची फुगडी अगदी बरोबर मावली.

कार्यक्रम झाल्यावर मी त्या बाईंना विचारलं की हे टाकलं तर चालेल का. त्यांनी घाम पुसला, मुलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "टाक. नाव नको घालूस, पण टाक."

काकू शेजारीच पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"आणि या वेळी मला कापू नकोस," त्या म्हणाल्या.