आडीत आलेली सीडी

ओरखडे पडलेल्या सीडी नीट करायला मला कुणी शिकवलं नाही. तंजावरात घरोघर प्लेअर येऊ लागले, तसा आमच्याकडेही आला. आमचीच एक सीडी अडकायला लागली तेव्हा हाताला लागेल ते लावून पाहिलं: पांढरी टूथपेस्ट, पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश, वडिलांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ घासायचं, गोल कधीच नाही. सीडी वाचली जाते गोल. सरळ ओरखडा यंत्र ओलांडून जातं, गोल ओरखड्यात मात्र वाट चुकतं. हे जमल्यावर गल्लीतल्या लग्नांच्या, बारशांच्या, भजनांच्या सीडी आमच्याकडे यायला लागल्या. मी बी.एस्सी. होऊन घरीच होते. वडील नोकरीसाठी नागपट्टणमला असत, रविवारी येत. सकाळचं आवरलं की मी विहिरीजवळच्या दगडावर घासायला बसायचे.

अक्का माझी मावसबहीण. मावशी गेल्यावर ती लहानपणीच आमच्या घरी आली आणि आमचीच झाली. गाणं शिकायला तिरुवैयारुला जायची. तिचं लग्न पोंगलच्या तई महिन्यात झालं, पापनाशमला, आपल्याच तंजावरी मराठी लोकांत. मुलाचं खताचं दुकान होतं, घरी फक्त आई. बोलणं हळू, मोठ्यांच्या पाया पडणं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. लग्नाआधी अक्काच्या गाण्याच्या बाईंनी तिचं गाणं रेकॉर्ड करवून त्याची सीडी तिला दिली होती. ती एकच प्रत. ट्रंकेत पातळांच्या मधे ठेवून ती सासरी घेऊन गेली.

पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती सीडी बरोबर आणली. हातातून पडली म्हणाली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. पडलेल्या सीडीवर ओरखडे आखूड असतात, कुठेही, कसेही. हे तसे नव्हते. एकाशेजारी एक, गोलाकार, दाबून ओढलेले, कंपासने काढावेत तसे. मी तिला विचारलं, कशानं पडले असे. ती भेंडी चिरत होती. "लादीवर पडली गं," म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली. मी घासली, वाजवून पाहिली, दोन ठिकाणी अडखळली पण चालली. तिचाच आवाज होता तो, पण ती ऐकायला बसली नाही. मागच्या अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे काढत राहिली, ते अजून ओलेच होते.

आईला मी ओरखड्यांचं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि नवीन घर आहे, रुळायला वेळ लागतो, एवढंच म्हणाली. पण त्यानंतर पापनाशमहून येणाऱ्या कुणालाही ती अक्काची खबर विचारायला लागली. सगळे एकच सांगत, सुनेला बाहेर पाहिलं नाही.

उन्हाळ्यात तिचा नवरा एकटाच आला. दुकानाच्या कामाला तंजावरला आलो होतो म्हणाला. अक्का बरी आहे, उन्हाचं नको म्हणून आणली नाही. पिशवीतून त्यानं तीच सीडी काढली. या वेळी ओरखडे खोल होते, नख फिरवलं तर अडकत होतं. पुन्हा पडली, तिचा हातच तसा आहे, असं तो हसत म्हणाला. आईनं कॉफी दिली. मी घासत होते आणि तो पेला हातात घेऊन जवळ येऊन उभा राहिला, मन लावून बघत. कुठलं पॉलिश, किती दाबायचं, सगळं विचारलं. आमच्या घरी कुणी या कामात एवढा रस घेतला नव्हता.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे कशीही घासली तरी पुन्हा गाते?"

मी म्हटलं, खालच्या बाजूला नुसतं प्लास्टिक असतं, ते घासता येतं. आवाज असतो वर, नाव लिहितो त्या बाजूच्या पातळ थरात. तिथे ओरखडा गेला तर कुणीच काही करू शकत नाही.

"कुणीच नाही," तो म्हणाला. पेला धुऊन पालथा घालून ठेवला, आईला नमस्कार केला आणि सीडी घेऊन गेला. तो गेल्यावर आई बराच वेळ त्या पेल्याकडे बघत होती. असा पेला धुणारा जावई तिच्या बहिणीला किती आवडला असता, असं मला वाटलं. आईला तसं वाटत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, नवी सून माहेरी येते. आमच्याकडेही तमिळ शेजाऱ्यांसारखीच ती रीत. आईनं पोळ्यांना गूळ आणून ठेवला, गादी उन्हात घातली. अक्का आली नाही. फोन केला तर सासूबाईंनी उचलला, तिला बरं नाही म्हणाल्या आणि ठेवला. त्या आठवड्यात पापनाशमच्या बसच्या कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. आत ती सीडी होती. चिठ्ठी नव्हती. खालची बाजू आरशासारखी स्वच्छ होती, जणू कुणी पुसून ठेवली होती. मी उलटी केली. वरच्या बाजूवर, अक्काच्या नावावरून, खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. उजेडात धरली तर त्या रेघांतून ऊन आरपार येत होतं.

मी आईला दाखवलं. त्यानं उन्हाळ्यात काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं होतं, ते तिनं ऐकलंच होतं. वडिलांना विचारून जावं, असं मी म्हटलं. आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पातळ बदललं.

दुपारच्या बसनं आम्ही गेलो. दोन्हीकडे भाताची रोपं लावून झालेली, कालव्याला पाणी. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं घर. दार सासूबाईंनी उघडलं. ती झोपली आहे म्हणाल्या. आई आत गेली आणि थांबली. मागच्या खोलीच्या दाराला कडी होती, आणि ती बाहेरून लावलेली होती.

"विहीणबाई, कडी काढा," आई म्हणाली.

मला वाटलं आता भांडण होईल. सासूबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, पुढचं दार लोटलं आणि जाऊन कडी काढली. "तो यायच्या आत घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला त्याला काही सांगता येत नाही."

अक्का खोलीत भिंतीला टेकून बसली होती. इतकी बारीक झाली होती की आधी मला ओळखूच आली नाही. आम्हांला पाहून ती रडली नाही. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तूच नाही का सीडी पाठवलीस.

"मी कुठे पाठवली?" ती म्हणाली. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनीही नाही म्हणून मान हलवली.

आईनं तिला दंडाला धरून उठवलं. चपला सापडल्या नाहीत, तशीच निघालो. रेल्वेच्या फाटकाजवळ तो मोपेडवरून येताना दिसला. त्यानं गाडी थांबवली, बाजूला घेतली, आम्हांला जायला वाट दिली. अनवाणी अक्काकडे त्यानं पाहिलं नाही. आईला म्हणाला, "पोचल्यावर फोन करा, मावशी." आवाज नेहमीसारखाच, हळू. बस येईपर्यंत तो तिथेच उभा होता.

पुढे वडिलांनी घटस्फोटाचं, कोर्टाचं सगळं केलं. त्यात कुणी आडवं आलं नाही. पण तो आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन उभा राहायचा, मोपेडला टेकून. बोलायचा नाही, हाक मारायचा नाही. ओळखीचं कुणी दिसलं तर विचारपूस करायचा. पोलिसांना काय सांगणार, माणूस रस्त्यावर उभा आहे म्हणून? अक्कानं पुढच्या खोलीत बसणं सोडलं. नंतर तिला कारैकुडीच्या एका शाळेत लहान मुलांना गाणं शिकवायचं काम मिळालं, ती तिकडे गेली, आणि आता तिथलीच झाली आहे. बरी आहे.

तो यायचा कधी थांबला, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. तो आज नाही, उद्या असेल, असं म्हणता म्हणता पाऊस येऊन गेला. आई मात्र पुढची कितीतरी वर्षं संध्याकाळी दिवा लावण्याआधी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. कशाला जातेस, असं तिला कुणी विचारलं नाही.