जेवणावळीतला डोंगा

कारधा गावाच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर ढिवर मासेमारांची एक छोटी वस्ती, टोली आहे. तिथल्या यशोदाबाईला आजवर कोणी पुरस्कार सोडाच, साधी शाबासकीही दिली नव्हती. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, जुना रस्ता त्यात गेला आणि पलीकडच्या शाळेत, दवाखान्यात जायला सोळा किलोमीटरचा वळसा पडू लागला. नवरा त्याच साली वारला. यशोदाबाईने वल्हं हातात घेतलं आणि पोरंटोरं, तांदळाची पोती, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांना डोंग्यातून पार करू लागली. तिची अट एकच, चपला काढून चढायचं. एकदा तहसीलदार आले, तेव्हा त्यांनीही बूट काढले, आणि निमूटपणे काढले.

यंदा जिल्ह्यातल्या मालवाहतूकदारांच्या एका संघटनेला अचानक जलवाहतुकीचा पुळका आला. दरसालच्या पुरस्कारांत ट्रकवाले, ट्रॅव्हल्सवाले असायचेच, आणि ते एकमेकांनाच द्यायचे. तोंडी लावायला म्हणून यंदा एक नाववाली घ्यावी असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. यशोदाबाईला चकचकीत पत्रिका आली. सूनबाई डिंपलने ती वाचून दाखवली: 'सुरक्षित जलप्रवास सेवा पुरस्कार', दुपारी स्नेहभोजन, स्थळ जुना महाल. हा महाल टोलीपासून दीड कोसावर, नदीच्याच काठाला. कोण्या मालगुजाराने बांधलेला, नक्षीचे खांब, दगडी चौक. आता तिथे लग्नं लागतात आणि फाटकावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी आहे.

पत्रिका आली त्याच आठवड्यात यशोदाबाईला साकोलीला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. जाण्याआधी तिने डोंग्यात गोटे भरले आणि तो घाटाशी पाण्यात बुडवून ठेवला. यात नवल काहीच नाही. डोंगा कोरडा पडला की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. पाण्याखाली ठेवला की लाकूड फुगतं आणि सांधे घट्ट बसतात. काम निघालं की गोटे काढायचे, पाणी उपसायचं, डोंगा तयार. टोलीतलं शेंबडं पोरही हे सांगेल.

चार दिवसांनी ती परतली तर घाटावर गोट्यांचा ढीग होता आणि डोंगा नव्हता. तीन दिवस तिने काठ पालथा घातला. धरणाचं पाणी सोडलं असेल, त्यात गेला असेल, असं कोणी म्हणे. पण पाण्याने गोटे काढून ढीग लावला असं कधी झालंय? शाळेची पोरं वळसा घालून जाऊ लागली, काही गेलीच नाहीत. पुरस्काराला जायची तिची मुळीच इच्छा नव्हती, पण डिंपलने तिला समजावलं की तिथे मोठे साहेबलोक असतील, नव्या डोंग्याचं त्यांच्या कानावर घालता येईल. एवढ्यासाठीच ती इस्त्रीचं लुगडं नेसून डिंपलबरोबर निघाली.

महालाच्या फाटकाबाहेर धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून ट्रकांची रांग उभी होती. फोटोसाठी आणलेले. आत चौकात पांढऱ्या खुर्च्या, माइक, आणि एका बाजूला जेवणाची मांडामांड. दोघी तिकडून निघाल्या आणि यशोदाबाई जागीच थांबली.

जेवणाच्या टेबलांच्या मधोमध विटांवर तिचा डोंगा ठेवला होता.

गुलाबी रंग फासलेला, कडेला झिरमिळ्या, आत बर्फ आणि बर्फावर काकडी, टमाटर, बीटच्या चकत्या. मागच्या टोकाला तेलाच्या डब्याचा पत्रा तिने स्वतःच्या हाताने ठोकलेला होता, तो गुलाबी रंगातूनही दिसत होता. सुटाबुटातला एक माणूस बूट डोंग्याच्या काठावर टेकवून फोटो काढून घेत होता. यशोदाबाई वाकली आणि तिने खालून पाहिलं. बर्फाचं पाणी निघावं म्हणून तळाला तीन भोकं पाडली होती. मधली फळी हातभर चिरली होती आणि त्या चिरेतून पाणी टपटप गळत होतं.

मंडपवाला तिथेच उभा होता. तिने विचारलं तेव्हा त्याला काही लपवावंसंही वाटलं नाही. तो म्हणाला, "बाई, हा तर पाण्यात बुडून पडला होता. गोटे भरले होते आत. कोणी फेकून देल्ला असन, भंगार, मणून उचलून आणला."

ऐतिहासिक वास्तूत शोभेला काही गावठी पाहिजे, असं संघटनेने त्याला सांगितलं होतं. नदीकाठी माणसं राहतात, त्यांना विचारावं, एवढंही त्याला सुचलं नाही. आणि त्याला तरी काय म्हणायचं? नाववालीला पुरस्कार द्यायला निघालेल्या त्या थोर मंडळींपैकी एकाला तरी डोंगा कसा ठेवतात हे ठाऊक होतं का?

तेवढ्यात माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं. संघटनेचे अध्यक्ष मधुकरराव, चाळीस ट्रकांचे मालक, शाल उलगडून उभे होते. यशोदाबाई म्हणजे आमच्या वाहतूक परिवाराच्या मानाच्या सदस्य, त्यांच्या डोंग्यात आजवर एकालाही खरचटलं नाही, असं ते कागदावरून वाचत होते. यशोदाबाई वर गेली. शाल तिने घेतली नाही. तिने माइक हातात घेतला, आणि डिंपलनेही सासूला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, तुमचा ट्रक ढाब्यावर उभा असते. डायवर झोपला असते. कोणी आलं, भंगार समजून त्याले कापलं, त चालन का तुमाले? तो डोंगा माहा होय. काकडी ठेवली ना तुमी त्याच्यात, तो माहा डोंगा होय."

मागच्या खुर्च्यांवरचे काही जण हसले. गावाकडची बाई गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मधुकररावांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी माइक हळूच काढून घेतला, गैरसमज झाला म्हणाले, संघटना बघेल म्हणाले, मावशींनी आधी जेवून घ्यावं म्हणाले. यशोदाबाईने त्यांना सांगितलं की तिला जेवण नको, शाल नको, फक्त डोंगा आज घाटावर पोचता करून द्या.

मग जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. जिल्ह्यातले झाडून सगळे ट्रकवाले त्या चौकात हजर होते आणि कोणाकडे गाडी नव्हती. एकाची रायपूरला होती. एकाचा ड्रायव्हर जेवत होता. एक म्हणाला, रंग ओला आहे, ट्रकला लागेल. माळा घातलेली ती रांग फाटकाबाहेर उभीच होती, आणि जेवण सुरू झालं होतं.

यशोदाबाईने डिंपलला टोलीत फोन लावायला सांगितला. मग पदर खोचला आणि डोंग्यातले काकडी-टमाटर परातीत काढून टेबलावर ठेवले. अन्न तिने फेकलं नाही. बर्फ तेवढा उपसून चौकात ओतला. मधुकररावांच्या नव्या बुटांपर्यंत पाणी गेलं, त्याला इलाज नव्हता.

तासाभरात टोलीतले आठ जण आले. सोमाजी आणि सुखराम पुढे लागले. चपला त्यांनी फाटकाशी काढल्या आणि डोंगा खांद्यावर घेतला. एरवी जो त्यांना उचलून नेतो, तो आज त्यांनी उचलला. ट्रकांच्या रांगेपुढून ते बाहेर पडले. यशोदाबाई मागे चालत होती, डिंपल तिच्या बाजूला.

महालातून बाहेर पडायला रस्ता एकच, टोलीच्या घाटावरून जाणारा, आणि तोही एका गाडीपुरता. जेवणं आटोपून मंडळी निघाली तेव्हा पुढे डोंगा होता. गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. आठ जण आपल्या चालीने चालत राहिले, कारण डोंगा खांद्यावर घेऊन कोणी धावत नाही. शेवटी मधुकररावांचा ड्रायव्हर खाली उतरला आणि यशोदाबाईजवळ येऊन हात जोडत म्हणाला, जराशी साइड द्या, साहेबांना घाई आहे.

यशोदाबाई थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "साहेबाले सांग, आम्हीबी वाहतूकवालेच आहोत. त्यायनंच सांगतलं आता माइकवर."

डोंगा घाटापर्यंत रस्त्याच्या मधूनच गेला.