आईंची फेरपरीक्षा

माझ्या सासूबाई सुईण होत्या. नुसतं सुईण म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्याकडे ग्वाल्हेर दरबारची सनद होती, शिक्का मारलेली, काचेच्या चौकटीत देवांच्या फळीशेजारी टांगलेली. ग्वाल्हेरातल्याच लष्कर नावाच्या भागातल्या जनाना इस्पितळात रीतसर शिकून त्यांनी ती मिळवली होती. सासरे लवकर गेले. घराणं पलटणीतलं, म्हणजे भिंतीवर तलवार आणि डब्यात पीठ नाही, अशातलं. त्या सनदेवर आईंनी मुलाला वाढवलं, शिकवलं, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्याच इस्पितळात शिकायला घातलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सुनेला कशाला हो धाडता असल्या कामाला?" आई म्हणाल्या, "तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला मग कोण येणार? तुमचे यजमान?"

हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू फारशी नाही. मला पोटापाण्याची विद्या त्यांनी दिली. आणि मी काय केलं ते आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. आई गेल्याला वर्ष होऊन गेलं. आता माझीही पन्नाशी आली. आता सांगते.

शिकून झाल्यावर आम्ही दोघी बरोबरच बाळंतपणं करू लागलो. पुढे आई, मागे बॅग घेऊन मी. काही वर्षांनी आईंना कमी ऐकू येऊ लागलं. दूधवाला ओरडून थकायचा आणि आई म्हणायच्या, "हा मेला आज आलाच नाही." घरात ते चालून जायचं. कामात कसं चालणार? पोटावर लाकडी नळी टेकवून, तिला कान लावून बाळाचे ठोके ऐकायचे असतात. ठोके मंद झाले की बाळ गुदमरतंय, डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. एकदा एका घरी आईंनी नळी माझ्या हातात दिली. "तू ऐक. माझ्या कानांना दडे बसलेत," असं म्हणून माझा दुसरा हात त्यांनी आपल्या मनगटावर ठेवला. "ठोका पडला की बोट मार."

मी नळीला कान लावला आणि त्यांच्या मनगटावर बोट मारत राहिले. त्यांनी छातीवरच्या घड्याळात बघून मोजले आणि बाळंतिणीच्या आईला सांगितलं, "छान आहे हो, घोडा दौडतोय." कानांचे दडे काही सुटले नाहीत. पुढे दर वेळी आम्ही तसंच करू लागलो. माझा कान आणि त्यांचं मनगट. यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, सून शिकते आहे आणि सासू तिचा हात धरून शिकवते आहे.

मग राज्यं बदलली. ग्वाल्हेरचं मध्य भारत झालं होतं, त्याचं आता मध्य प्रदेश झालं. कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि फायलींबरोबर आमचे हेही. घरात आम्ही दोघीच उरलो. नव्या राज्यात चार ठिकाणचे कायदे एकत्र आले, तसं आम्हालाही कळवण्यात आलं की जुन्या सनदा आता तशाच चालायच्या नाहीत. नोंदणी पुन्हा करायची असेल तर उजळणीचा वर्ग पुरा करायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. वर्ग मुरारला, छावणीतल्या एका जुन्या बराकीत.

आईंनी भिंतीवरच्या सनदेकडे बघितलं. "ही आता नुसती शोभेची?"

"उजळणी तर आहे, आई. येतंच की आपल्याला सगळं."

"तुला येतं," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळच बस हं तिथे."

दिवाळी झाल्यावर आम्ही रोज टांग्यानं मुरारला जाऊ लागलो. भिंड, मुरैना, शिवपुरीकडच्या बायका आल्या होत्या, कोणी पदर डोळ्यांपर्यंत ओढून, कोणी विडी लपवून. शिकवायला जबलपूरकडच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नाळ कापायची कात्री किती वेळ उकळायची, बाळाच्या डोळ्यांत थेंब कधी घालायचे, जन्माची नोंद कुठे करायची, सगळं त्या फळ्यावर लिहून सांगत. अर्ध्या बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं. आईंना त्याचा फायदाच झाला. त्या ओठ बघून म्हणायच्या आणि सगळ्यांच्या आधी म्हणायच्या.

मुरैन्याची एक जाडजूड बाई मधल्या सुट्टीत म्हणाली, "पहले महाराज का राज, फिर मध्य भारत, अब ये मध्य प्रदेश. बच्चा तो कम्बख्त उसी रस्ते से आ रहा है!" बराक हसून हादरली. आईंनी मला कोपरानं ढोसलं, "काय म्हणाली?" मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

मला तेव्हा त्यांची लाज वाटली. हसण्याची नव्हे, ते विचारण्याची. आणि लाजेखाली आणखी एक गोष्ट होती.

त्या वर्षी श्रावणात इंदरगंजातल्या एका वकिलांकडून माणूस आला होता. आई देवळात गेल्या होत्या, मी बॅग घेऊन निघाले. त्यानं मला दारातच अडवलं. "आप नहीं बाईसाहब, बड़ी बाई को भेजिए." मी म्हटलं, मीही शिकलेली आहे, माझी सनद त्यांच्याहून नवी आहे. तो म्हणाला, "होगी जी. पर मालकिन ने बड़ी बाई कहा है." आई येईपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. बाळंतपण नीट झालं. ठोके मीच ऐकले. पाचवीला आईंना लुगडं आणि नारळ मिळाला, मला हळदकुंकू आणि सुपारी. येताना आई म्हणाल्या, "पुढचं लुगडं तुला घेऊ." त्या प्रेमानं म्हणाल्या. मला ते झोंबलं. त्यांनी घेऊन दिलेलं मला नको होतं.

परीक्षेच्या दिवशी दिवस भरत आलेल्या चार बायका खाटांवर निजवल्या होत्या. एकेका खाटेशी दोघी जणी. आधी एकीनं ठोके मोजून डॉक्टरीणबाईंच्या कानात आकडा सांगायचा, मग दुसरीनं. आमची खाट एकच आली. आईंनी वाटेत टांग्यात सांगून ठेवलं होतं, "तू आधी ऐक. मग माझा हात धरून उभी राहा, ध्यानात राहील न तुझ्या ठोका?" तोंडानं असं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मी मान हलवली होती.

मी ऐकले. ठोके स्पष्ट होते, जरा संथ, पण निरोगी. एकशे वीस, असा आकडा कानात सांगितला आणि बाजूला झाले. आई वाकल्या, नळी टेकवली, कान लावला. डावा हात त्यांनी खाली सोडला आणि मी तो धरला. त्यांची नजर घड्याळावर. ठोका माझ्या डोक्यात चालू होता, टप टप टप, आजही आठवतो. मला फक्त बोट हलवायचं होतं.

मी हलवलं नाही. समोरच्या खिडकीबाहेर एक शिपाई सायकलचं चाक फिरवून बघत होता, त्याच्याकडे बघत राहिले. आईंनी माझी बोटं हळूच दाबली. मी तशीच.

"एक सौ चालीस," आई शेवटी म्हणाल्या. बहुतेक बाळांचं तेवढंच असतं, म्हणून.

"माँजी, एक बार और सुनिए," डॉक्टरीणबाई हातानं खूण करून म्हणाल्या. आई पुन्हा वाकल्या. ही माझी दुसरी संधी होती. तीही मी जाऊ दिली. पुन्हा तोच आकडा सांगून आई उभ्या राहिल्या तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीमागे गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "माँजी, आपकी साड़ी का पल्ला गिर गया है."

पदर खांद्यावरच होता. आई वळल्या नाहीत. खाटेवरच्या बाईकडे बघून हसत राहिल्या.

माझी नोंदणी झाली. आईंना सांगण्यात आलं की नोंदलेल्या सुईणीबरोबर मदतीला जाता येईल, एकट्यानं बाळंतपण करता येणार नाही. पण चैत्रात फेरपरीक्षा आहे, तेव्हा जरूर या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हे सगळं त्यांनी आईंच्या समोर बसून, हळूहळू, ओठ दिसतील असं सांगितलं.

परतताना टांग्यात आई म्हणाल्या, "हाताला मुंग्या आल्या होत्या का ग तुझ्या?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच विचारत होत्या की मला वाट करून देत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. मी म्हणाले, "हो. बधिर झाला होता एकदम."

"तरीच," आई म्हणाल्या.

कोणी म्हणेल, त्यात काय वाईट झालं? ज्या सुईणीला ठोके ऐकू येत नाहीत तिनं एकटीनं जाऊच नये. मीही मनाशी हेच म्हणत आले. बोलणं खरं आहे, पण खाटेशी उभी असताना माझ्या मनात ते नव्हतं. मनात इंदरगंजातला तो माणूस होता, ओट्यावर बसून राहिलेला. आईंच्या कानांची काळजी असती तर घरी, चुलीपाशी बसून, त्यांच्या तोंडावर सांगता आलं असतं. त्यांनी आधी मला फैलावर घेतलं असतं आणि मग ऐकलंही असतं, अशाच होत्या त्या.

थंडी सुरू झाली. ग्वाल्हेरची थंडी, पाण्यात हात घालवत नाही. रोज दुपारी जेवणं आटोपली की आई वाटीत सरसोंचं तेल घेऊन, त्यात ओवा आणि लसूण घालून कढवायच्या आणि माझ्यासमोर बसायच्या. "आण हात." मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत चोळायच्या. बाळंतिणींची अंगं रगडून त्यांच्या हाताला जी ताकद आली होती ती सगळी त्या माझ्या धडधाकट हाताला लावायच्या. "आज कसं वाटतं?"

"अजून बधिरच आहे."

असं म्हणणं भाग होतं. हात बरा झाला म्हणाले असते तर चैत्रात आईंच्या शेजारी उभं राहून बोट मारावं लागलं असतं. तो लुच्चेपणा मला करायचा नव्हता, असं मी स्वतःला सांगायची. पण या हाताचं खोटं मला रोज चालत होतं. शेजारच्या काकूंना आई सांगायच्या, "सुनेचा हात धरलाय हो, कामानं." काकू मला वैद्यांचे पत्ते द्यायच्या.

दरम्यान बोलावणी येतच होती. आता माणूस आला की आईच म्हणायच्या, "बाई ये हैं. मैं तो साथ में आती हूँ." बॅग त्या उचलायच्या. मी घ्यायला गेले की म्हणायच्या, "राहू दे, तुझा हात दुखेल." त्याच बधिर म्हणवलेल्या हातानं मी बाळं बाहेर काढत होते. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, त्या बघत होत्या. एका पाचवीला यजमानीण लुगडं घेऊन सवयीनं त्यांच्याकडे वळली, तर आईंनी तिला खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं. मला हवं होतं ते मिळालं. हिरवं होतं ते, जांभळ्या काठाचं. मी ते फार नेसले नाही.

आणि मला दोन हात आहेत. बधिर झाला तर एक, दुसरा होताच. आईंनी त्या अख्ख्या थंडीत दुसऱ्या हाताचं नाव काढलं नाही.

पाडवा झाला आणि फेरपरीक्षेचा दिवस कळला. परीक्षेच्या दिवशी आईंनी पांढरं लुगडं नीळ देऊन वाळवलेलं नेसलं, छातीवर घड्याळ लावलं. टांगेवाला दारासमोर उभा होता. मी चुलीपाशी होते. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय ग, आहे का बोटात जीव?"

मी त्यांच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "नाही जमणार, आई."

"नक्की?"

"नक्की."

"बरं." त्यांनी बाहेर जाऊन टांगा परत पाठवला. दारातून त्याच्याशी त्यांचं झालेलं बोलणं मला ऐकू आलं. तो म्हणत होता, "काहे बाईजी, इम्तिहान नहीं है आज?" आई म्हणाल्या, "बहू का हाथ ठीक नहीं है." मग आत येऊन त्यांनी घड्याळ काढलं, लुगडं बदललं आणि भाजी निवडायला बसल्या. दिवसभर त्या नेहमीसारख्याच बोलत होत्या.

मला वाटलं, संपलं. आता तेल कशाला? पण दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि आई वाटी घेऊन आल्या. ओवा, लसूण, सगळं तसंच. माझ्यासमोर बसल्या. "आण."

मला तो हात पुढे करवेना. म्हणाले, "आता नको, आई."

"का? बरं वाटलं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दुपार होती, घरात दुसरं कोणी नव्हतं आणि त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो. सकाळपासून बरा आहे."

"चांगलं झालं," असं म्हणून आईंनी वाटी आपल्याकडे ओढली, लुगडं वर सारलं आणि ते कोमट तेल स्वतःच्या गुडघ्यांना चोळू लागल्या. चोळता चोळता विचारलं, "ती बाडा चौकामागची सराफांची सून, तिचे दिवस भरत आले न? उद्या बघून येऊ तिला."

"येऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पुढे मी, मागे बॅग घेऊन आई.