नाव राहू दे

गेली पाच वर्षं मी बर्लिनमध्ये राहून सुमात्रा बेटावरच्या एका खेड्याचा अभ्यास करतेय. हे सांगितलं की आपली माणसं हमखास दोन प्रश्न विचारतात. मराठवाड्यातल्या मुलीनं इंडोनेशियाचं खेडं अभ्यासायला जर्मनीत कशाला जावं, हा पहिला. लग्नाचं काय, हा दुसरा. दुसऱ्याला मी उत्तर देत नाही. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. शिष्यवृत्ती इथं मिळाली, आणि विषय जमिनीचा होता. जमीन म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचेच कान टवकारतात.

आमची जमीन दोन एकर, गायरानातली. भूमिहीनांच्या सत्याग्रहात माझे आजी-आजोबा दोघंही तुरुंगात गेले होते. आजीच्या मांडीवर तेव्हा माझे वडील होते, दोन महिन्यांचे. पुढं बऱ्याच वर्षांनी ती जमीन कायम झाली, तेव्हा कागदावर नाव चढलं ते एकट्या आजोबांचं. आजीनं त्याबद्दल कधी तोंड उघडल्याचं कोणाला आठवत नाही. मलाही लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढची चूक सांगताना लाज जरा कमी वाटेल.

त्या खेड्यात मी अकरा महिने राहिले. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, कापणी झाली की त्यांत सोडलेली बदकं, दोन्ही टोकांना वर उचललेल्या छपरांची जुनी लाकडी घरं. सकाळी कॉफीच्या बियांऐवजी कॉफीच्या पानांचा काढा नारळाच्या करवंटीत मिळायचा. गाव मुसलमान, पाच वेळा बांग व्हायची, आणि जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे जायची. घरही तसंच. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. शेताचं काही ठरवायचं तर बायकोच्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामाला बोलावतात. मामा सल्ला देतो, भांडणं मिटवतो, पण खाचर त्याच्या मुलांना मिळत नाही, बहिणीच्या मुलींना मिळतं. आईकडून आलेली ही जमीन विकायची नाही, हा तिथला नियम.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचून गेले होते. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. तिथं पोचल्यावर मी घरोघर जाऊन पाहणीचे फॉर्म भरायला लागले. फॉर्म मीच बर्लिनमध्ये बसून तयार केला होता, आणि त्यातला पहिला रकाना होता ‘कर्ता’. त्यापुढं जमीन किती, कोणती, कुठं. संध्याकाळी पुरुषमंडळी ओसरीवर बसलेली असत. मी जाऊन त्यांना विचारायची. ते अदबीनं बसायला सांगत, नाव सांगत, खाचरं किती तेही सांगत. आतून चहा येई. चाळीस घरं मी अशी तीन आठवड्यांत उरकली आणि स्वतःवर खूश झाले.

ज्यांच्या घरी मी राहत होते त्या बाईंना मी आपल्या पद्धतीनं मावशी म्हणायचे. एकदा त्या मिरच्या वाटत बसल्या होत्या. सहज त्यांनी माझ्या फॉर्मांवरून नजर फिरवली. एक उलटला, दुसरा उलटला, मग वरवंटा बाजूला ठेवून पोट धरून हसायला लागल्या.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “ह्यातल्या एकाचीसुद्धा जमीन नाही. तू गावातल्या सगळ्या जावयांची यादी केलीस.”

मी तोंडात मारल्यासारखी बसले. खरंच होतं. नियम मला तोंडपाठ होता, पण पाय आपोआप ओसरीवरच्या पुरुषाकडे वळले होते. आमच्या वस्तीत सरकारी माणूस फॉर्म घेऊन आला की आई दारातच सांगायची, “ते घरी नाहीत, संध्याकाळी या.” घरात ती उभी असायची, मी उभी असायची, तरी घरी कोणी नसायचं. तेच मी हजार कोस लांब नेऊन चाळीस घरांत भरून आले होते. आणि ते बिचारे जावई? पाहुणीला चुकीचं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले होते.

माझ्या मार्गदर्शक बाईंना फोनवर सांगितलं. जर्मनीत पीएचडीच्या मार्गदर्शक बाईला डॉक्टरमुटर म्हणतात, म्हणजे डॉक्टरकीची आई. या आईला लाडबिड ठाऊक नाही. “आल्झो, तर मग,” त्या म्हणाल्या, “पुन्हा चाळीस घरं.” मी पुन्हा चाळीस घरं केली. या वेळी मागच्या दारानं.

मागच्या दारानं गेल्यामुळेच एक प्रसंग मला पाहायला मिळाला. मावशींचा धाकटा भाऊ शहरातून आला होता. त्याला दुकान बांधायचं होतं आणि त्यासाठी घराखालचं मोठं खाचर सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करून हवं होतं. त्याला घरातल्या सगळ्या बायकांच्या सह्या लागत होत्या. तो चटईवर बसून दोन तास बोलला. चांगलं बोलला, मला तर पटायलाही लागलं होतं. मावशी त्याला वाढत होत्या. भात, मासळी, परत भात. शेवटी तो म्हणाला, “ताई, माझ्यावर विश्वास नाही का?”

“विश्वास आहे, म्हणून तर तोंडावर सांगते,” मावशी म्हणाल्या. “जमीन आईची होती, उद्या नातीची होईल. मी मधली. मला ती देताच येत नाही. अजून थोडं कालवण घे.”

तो रुसला. आठ महिने आला नाही. मावशी त्याच्या आठवणीनं रडायच्या, मी पाहिलंय. पण सही केली नाही. ते काही सुखाचं गाव होतं असं मी म्हणत नाही. तिथंही मामा दादागिरी करतात, बहिणी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, बांधावरून जुंपते. फक्त बाईचं नाव काढायचं तर बाईला विचारावं लागतं, एवढा फरक.

मी बर्लिनला परतले, लिहायला बसले, आणि गेल्या वर्षी पप्पा गेले. मी गावी जाऊन आले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मी परत आले. काही महिन्यांनी तलाठ्याकडे वारसनोंद झाली. सातबाऱ्यावरचं पप्पांचं नाव कमी झालं आणि तिथं तीन नावं लागली, आईचं, दादाचं आणि माझं. दादानं फोटो पाठवला. त्याखाली लिहिलं होतं, “आता हक्कसोड करून घेऊ. कागद पाठवतो.”

हक्कसोड काय असतं हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बहिणीनं भावासाठी आपला वाटा सोडायचा. बहिणीला साडी-चोळी करतात, जेवू घालतात, आणि ती सही करून येते. माझ्या आत्यानंही केली होती. तिची साडी हिरवी होती आणि ती घरी येताना फार आनंदात होती, एवढं मला आठवतं. परदेशातल्या बहिणीनं मात्र मुखत्यारपत्र करून पाठवायचं, म्हणजे तिच्या वतीनं दुसरं कोणी जाऊन सही करतं. दादानं त्याचाच मसुदा पाठवला होता. सोबत हक्कसोडीचीही प्रत होती, तिच्यात दोन सह्यांना जागा होती. माझी आणि आईची. आईचं काय, ती घरातच आहे, असं दादा म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं.

हे लिहिताना आजही मान खाली जाते. मातृवंशीय जमीनहक्कांवर तीन प्रकरणं लिहिलेली बाई फोनवर “हो दादा, करते की” म्हणाली. कारण दादा माझा लाडका आहे. मला सायकल शिकवली ती त्यानं, माझ्या विमानाच्या तिकिटासाठी स्वतःची मोटारसायकल विकली तीही त्यानंच. शेत तो कसतो, आईला तो सांभाळतो. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी वकिलातीची वेळ घेतली आणि फोटो काढून आणले.

वकिलातीत माझा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी कागद वाचायला घेतला. मसुदा मी आधी वरवर चाळला होता. आता प्रत्येक ओळ वाचली, कारण कागद वाचणं हाच माझा धंदा आहे. हक्कसोडीच्या प्रतीतल्या एका ओळीवर अडकले. ‘सदर मिळकतीशी माझा व माझ्या वारसांचा यापुढे कसलाही संबंध राहिलेला नाही.’ मी ती तीनदा वाचली. ज्या जमिनीसाठी आजी तान्हं मूल घेऊन तुरुंगात बसली, तिच्याशी माझा संबंध नाही? मग कोणाचा आहे? आतून चीड आली. दादाची नाही, माझीच. नंबर आला. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, नीट समजून सही करताय ना.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग घरी बोलून या,” असं शांतपणे म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

वकिलातीच्या जवळ मोठी बाग आहे. तिथल्या बाकावर बसून मी दादाला फोन लावला. ठरवलं होतं, आजच बोलायचं. उद्यावर टाकलं असतं तर मी परत गोड झाले असते.

“दादा, मी सही नाही केली. करणारही नाही.”

तो आधी हसला. मग म्हणाला, “अगं, तुला काय करायचंय दोन एकराचं? तू काय इथं येऊन कापूस वेचणारेस?”

“नाही. जमीन तूच कस. पीक तुझं. मला त्यातला दाणा नको. माझं नाव राहू दे.”

“नुसतं नाव घेऊन काय करशील?”

“हे आजीला विचारायला हवं होतं. ती तुरुंगातून आली तेव्हा.”

तो म्हणाला, “तू आम्हाला परकं करायलीस.”

“सही केली असती तर मी परकी झाले असते. तसं लिहिलंय त्यात, वाच एकदा.”

“सगळ्या बहिणी देतात. लोक काय म्हणतील मला? बहिणीनं भावावर दावा लावला म्हणतील. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

“विश्वास आहे, म्हणून तर तोंडावर सांगते,” मी म्हणाले. वाक्य कोणाचं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. “दाव्याचं नाव मी काढलेलं नाही, आणि काढणारही नाही. जसं आहे तसं राहू दे, एवढंच.”

त्यानं फोन ठेवला.

नंतरचे पाच आठवडे वाईट गेले. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या “जय भीम”ला कोणी उत्तर देईना. वहिनी फक्त फुलांची चित्रं पाठवायच्या, तीही सगळ्यांना मिळून. आईला फोन दादाच लावून द्यायचा, तो बंद झाला. माहेर तुटलं असं वाटून मी रडायचे. लायब्ररीत रडायचे, सायकल चालवताना रडायचे. एकदा सिग्नलला एका म्हाताऱ्या जर्मन बाईनं न विचारता मला रुमाल दिला. पण दरवेळी डोळे पुसून स्वतःला एकच विचारायचे, आता कर म्हटलं तर सही करशील का? उत्तर नाहीच यायचं. मग मी जाऊन चौथं प्रकरण लिहायची. ते प्रकरण चांगलं झालंय. डॉक्टरमुटरनं समासात “गेनाऊ” लिहिलंय, म्हणजे अगदी बरोबर. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आई होती. शेजारणीच्या फोनवरून, स्वतः नंबर लावून. आईनं आपणहून मला लावलेला हा पहिला फोन.

“जेवलीस का?”

“जेवले. तू?”

“जेवले. दादा परवा तो कागद घेऊन आला होता. म्हणाला, ती करत नाही तर राहू दे, तू तरी कर.”

“मग केलीस?”

“मी म्हटलं, आधी मला वाचू दे.” आई चौथी शिकलेली आहे. अक्षरावर बोट ठेवून वाचते. “दोन दिवस लागले बाई वाचायला. त्यात लिहिलंय, मी आपल्या खुशीनं सोडून द्यायले.”

“हो, तसं लिहितात.”

“पण मला माझी खुशी कुणी विचारलीच नाही.”

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, शेजारीण काहीतरी बोलत होती, तिला आईनं थांब म्हटलं.

“दादा रागावला का?” मी विचारलं.

“रागावला. जेवला नाही एक वेळ. सकाळी जेवला. त्याला म्हटलं, शेत तुझंच आहे, मी कुठं नेते ते? पण एवढी वर्षं त्या शेतात निंदलं-खुरपलं, आणि नाव पहिल्यांदा लागलंय माझं. चार महिने पण झाले नाहीत. एवढ्यात कशाला काढू?”